रांगेत माझ्या मागे

१

अण्णांच्या श्वासावर नजर ठेवणारी डबी मीच बनवली. डॉक्टर म्हणाले होते, झोपेत यांचा श्वास मधेच थांबतो, तेव्हा कोणीतरी हलवून जागं करायला हवं. कोणीतरी म्हणजे मीच, कारण आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी घरूनच काम करायचे. दिवसभर प्रोग्रॅम लिहायचे आणि मीटिंगमध्ये मान डोलवायचे. अण्णांच्या उशाशी बसून राहिले असते तर दोघांनी खायचं काय? म्हणून त्यांच्या गादीखाली छातीची हालचाल टिपणारी एक पट्टी सरकवली, ती खाटेजवळच्या डबीला जोडली आणि डबीला शिकवलं: श्वास आला की एक ओळ पाठवायची, 'आला'. बराच वेळ आला नाही, तर 'थांबला'. माझ्या कॉम्प्युटरवरची एक स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा छोटा प्रोग्रॅम, त्या ओळी वाचायची. 'आला' वाचलं की पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी रेघ सरकायची. 'थांबला' वाचलं की असा भोंगा वाजायचा की वरच्या मजल्यावरचे दार उघडून बघायचे.

अण्णा शाळेत ड्रिलमास्तर होते. आयुष्यभर शिट्टी फुंकून छातीतली सगळी हवा पोरांवर खर्च केली, असं स्वतःच म्हणायचे. डबीला ते 'चहाडखोर' म्हणायचे आणि मला 'ठमी'. माझं नाव बरं आहे, पण चाळिशी उलटली तरी मी त्यांची ठमीच.

त्या दुपारी जेवणं झाली, अण्णा आडवे झाले. माझ्या कॉम्प्युटरने मला न विचारता अपडेट उरकून घेतलं आणि स्वतःला बंद करून पुन्हा चालू केलं. स्क्रिप्ट आपोआप उठली. 'जोडलं', असं तिने लिहिलेलं होतं. मी ओटा पुसून आले तर हिरवी रेघ हलत नव्हती. भोंगा नाही, काही चुकल्याचा संदेश नाही, काही नाही. धावत गेले, तर अण्णा तोंड उघडं टाकून मस्त घोरत होते.

जिवात जीव आला आणि मागोमाग राग आला. स्वतःचाच. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढून पोट भरायचं आणि घरात हा कारभार.

२

प्रोग्रॅम अडकला की आधी तो कुठे अडकला ते बघायचं असतं. माझा अडकला होता वाचण्याच्या ओळीवर. त्यात नवल काही नाही. वाच म्हटलं की स्क्रिप्ट दारात जाऊन उभी राहते, आणि समोरून ओळ येईपर्यंत जागची हलत नाही. ओळ आलीच नाही तर जन्मभर तिथेच उभी. समोरचा गप्प बसलाय की समोर कोणी उरलंच नाही, हे तिला कळत नाही. म्हणून वाचण्याला वेळेची मर्यादा घालायची असते, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. मी माझ्या बापाच्या श्वासासाठी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये नेमकी तीच घातली नव्हती.

ती घातली. आता स्क्रिप्ट थोडा वेळ थांबायची, कंटाळायची, कनेक्शन तोडून पुन्हा जोडायची. 'जोडलं', म्हणायची. आणि पुन्हा मुकाट उभी.

शेवटी ऑफिसातल्या शंकासुराला फोन लावला. या माणसाला खरं नाव आहे, पण कोणी वापरत नाही. सूर्य पूर्वेला उगवला तरी हा आधी पुरावा मागतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, चार नेहमीच्या शंका काढल्या, मी त्या खोडून काढल्या. मग त्याने विचारलं, तुझी डबी एका वेळी किती जणांशी बोलते?

एकाशीच. मीच तशी लिहिली होती. घरात दुसरं कोण ऐकायला बसलंय? दुसरा कोणी आलाच तर त्याने मागे रांगेत थांबायचं. त्याला जोडल्यासारखं वाटेल, पण पुढचा हटेपर्यंत ओळ मिळायची नाही.

"मग तू रांगेत आहेस," शंकासुर म्हणाला. "तुझ्या पुढे कोणीतरी आहे."

३

मी हसले. घरात मी आणि अण्णा, आणि अण्णांना टीव्हीचा रिमोट धड वापरता येत नव्हता. पण डबीला विचारलं, आत्ता कोणाशी बोलतेस? तिने एक पत्ता दाखवला, जोडलेल्या प्रत्येक यंत्राला असतो तसा आकड्यांचा. आमच्याच घरातल्या नेटवर्कमधला, पण माझ्या ओळखीचा नाही.

मग एकेक वस्तू बंद करत सुटले. टीव्ही, प्रिंटर, अण्णांचा फोन, माझा फोन. वायफायचा पासवर्ड बदलला. नंतर वायफायच बंद केलं आणि डबी ते कॉम्प्युटर अशी वायर ओढली. वायरच्या एका टोकाला डबी, दुसऱ्या टोकाला मी. तो पत्ता होता तिथेच होता.

माझी बुद्धी अशी सहजासहजी हार मानत नाही. मी स्वतःला समजावलं, हे मेलेलं कनेक्शन आहे. असं होतं कधीकधी. पलीकडचा निरोप न घेता निघून जातो आणि अलीकडच्याला वाटत राहतं की तो आहे. डबी बिचारी रिकाम्या खुर्चीशी बोलत बसली असेल. हे मला इतकं पटलं की मी चहा टाकायला उठले, आणि अर्ध्या वाटेतून परत आले.

कारण पलीकडे कोणी नसेल तर पाठवलेल्या ओळी डबीपाशी साचत जातात. दारातली टपालपेटी कोणी उघडत नसेल तर पत्रं बाहेर यायला लागतात, तसं. मी बघितलं. एकही ओळ साचलेली नव्हती. अण्णा श्वास घेत होते, डबी 'आला' म्हणत होती, आणि ते तत्क्षणी उचललं जात होतं. पलीकडून एक अक्षर येत नव्हतं. नुसतं वाचणं.

ते कधी आलं, हेही मग ओघाने कळलं. माझा कॉम्प्युटर अपडेटसाठी बंद पडला, त्याच क्षणी. म्हणजे त्या वेळी ते बाहेरून आलं नव्हतं. मी हटले आणि रांगेतला पुढचा आत गेला, इतकंच. मी डबी बसवल्यापासून रोज हिरवी रेघ बघत होते, आणि ते माझ्या पाठीमागे उभं होतं.

खरं सांगते, त्या खुर्चीत बसून मला मागे वळून बघवेना.

४

भीती वाटली की मला राग येतो. मी डबी बंद करून चालू केली, डोळ्याचं पातं लवायच्या आत माझी स्क्रिप्ट जोडली, आणि डबीला बजावलं: या कॉम्प्युटरशिवाय कोणालाही दारातसुद्धा उभं करायचं नाही. रेघ सरकायला लागली. त्या पत्त्यावरून ठोठावणं सुरू झालं, डबी प्रत्येक वेळी नाही म्हणत होती. संध्याकाळपर्यंत ठोठावणं थांबलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी शंकासुराला कळवलं. त्याने विचारलं, ते होतं कोण हे कळलं का? मी म्हटलं, तुला काय करायचंय.

हीच माझी चूक, आणि ती आमच्याच धंद्यातला माणूस करू जाणे. कोणी जागा अडवून बसलं की आम्ही त्याला हाकलतो. ते कशाची वाट बघत होतं, हे विचारायचं आमच्या मनातही येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीटिंगमध्ये असताना अण्णांच्या खाटेजवळची खुर्ची करकरली. उठले असतील म्हणून कोपऱ्यात बघितलं, तर रेघ संथ चाललेली. झोपलेल्या माणसाची. गादीवरून वजन उठलेलं नव्हतं. मी मीटिंगमधला आवाज बंद केला आणि कान दिला. पुन्हा काही वाजलं नाही. लाकूड आहे, वाजतं, असं म्हणून मी आवाज चालू केला.

चहाच्या वेळी अण्णा जरा घुश्शात होते. कप हातात घेतला आणि म्हणाले, "ठमे, झोपलेल्या माणसाच्या तोंडाला कान लावतात का गं?"

मी म्हटलं, मी कशाला लावू?

"मग काय मी लावला? चांगला जागा होतो, डोळे तेवढे मिटलेले. जिवंत आहे का ते बघायचं तर त्या चहाडखोराला विचार की." त्यांनी चहाचा घोट घेतला आणि गालावरून हात फिरवला. "आणि कान इतका गार कसा तुझा? तब्येत बघ जरा."

मी बरं म्हटलं. कपबशा उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून तिथेच उभी राहिले. माझे दात वाजत होते, ते त्यांना ऐकू जायला नको होते.

५

त्यानंतरच्या दुपारी मी रजा टाकली. स्क्रिप्ट फोनवर घेतली, भोंग्यासकट. अण्णांना झोपवलं, पडदे ओढले, दार किंचित उघडं ठेवलं आणि खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. आत बसायला हवं होतं. पण मला धीर झाला नाही.

फोनवर रेघ सरकत होती. आला. आला. आला. खाली रस्त्यावर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, आणि तो माणूस लाथा मारमारून तिला शिव्या देत होता. त्या आवाजाचा मला मोठा आधार वाटत होता. मग ती सुरू झाली, निघून गेली, आणि खोलीत खुर्ची करकरली.

मी दाराच्या फटीला डोळा लावला.

खाटेवर कोणीतरी वाकलेलं होतं. माझ्याकडे पाठ होती. पाठ म्हणजे तरी काय, पडद्यातून येणाऱ्या उजेडात जिथे अण्णांचा खांदा दिसायला हवा होता तिथे तो दिसत नव्हता, इतकं मला नक्की सांगता येतं. डोकं अण्णांच्या तोंडाशी होतं, कलतं, कान देऊन. ते हलत नव्हतं. माणूस वाकून उभा राहिला की थोडा तरी डुलतो, पाय बदलतो. हे नुसतं थांबलेलं होतं. अण्णांचा श्वास आला की ते तेवढ्यापुरतं सैल व्हायचं आणि पुन्हा कान द्यायचं. माझ्या हातातल्या फोनवर त्याच वेळी रेघ पुढे जायची. आम्ही दोघं एकच गोष्ट वाचत होतो.

मग त्याला नीट ऐकू येईना की काय, ते आणखी वाकलं. अण्णांचं तोंड झाकलं गेलं. रेघ थांबली.

भोंगा माझ्या मुठीत वाजला. मी किंचाळत आत घुसले. खोलीत कोणी नव्हतं. अण्णांचे ओठ निळसर झाले होते. मी त्यांना गदागदा हलवलं, हाका मारल्या, आणि त्यांनी एकदम मोठा श्वास ओढून डोळे उघडले. मला मिठी मारून रडताना बघून ते गोंधळले. माझ्या पाठीवर थोपटत राहिले आणि म्हणाले, काही नाही गं, काही नाही.

६

ती रात्र मी त्यांच्या खोलीत दिवा लावून काढली, आणि विचार करून करून डोक्याचा भुगा झाला. जितके दिवस ते रांगेत होतं, तितके दिवस अण्णांना काही झालं नव्हतं. त्याला डबीवरून ओळी मिळाल्या तेव्हाही काही झालं नव्हतं. ते फक्त वाचत होतं. मी त्याचं वाचणं तोडलं, तेव्हा ते जिथून ओळ निघते तिथे येऊन बसलं. मी आगीतून उठून फुफाट्यात पडले होते.

परत जागा द्यावी तर ते कशाची वाट बघत होतं, हे मला आता कळत होतं. 'आला' या ओळीवर करण्यासारखं काही नसतं. ती वाचायची आणि पुढच्या ओळीची वाट बघायची. वाट बघण्यासारखी ओळ त्या डबीत एकच होती, आणि ती मीच लिहिलेली होती.

ती ओळ त्याला कधीच मिळू द्यायची नाही, असं मी ठरवलं.

अण्णांच्या एका चांगल्या दुपारच्या नोंदी माझ्याकडे होत्या. गाढ झोप, मधेच एकदा खोकल्याची उबळ, तेव्हाचे घाईघाईचे तीन श्वास, मग एक लांबलचक, आणि पुन्हा संथ लय. ती दुपार मी एका नव्या स्क्रिप्टमध्ये भरली. संपली की पुन्हा पहिल्यापासून. अखंड. खरी डबी बोलणार माझ्याशी, आणि त्याच्यासाठी हे वेगळं दार, खोट्या श्वासांचं. मी दार उघडलं आणि तो पत्ता लगेच येऊन जोडला गेला. ओळी उचलल्या जाऊ लागल्या.

त्या दिवसापासून खुर्ची वाजली नाही. अण्णांची झोप सुधारली, तोंडाला चव आली, सकाळी गच्चीवर जाऊन हात वर-खाली करण्याइतपत ताकद आली. माझ्या पडद्यावर आता दोन रेघा होत्या, हिरवी खरी आणि पिवळी खोटी, आणि दोघी आपापल्या तालात चालायच्या. मला तर स्वतःची पाठ थोपटून घ्यावीशी वाटायची. मी कोणाला चुना लावलाय हे मोठ्याने म्हणायची छाती नव्हती, पण मनातून माज चढला होता. अण्णा कायमचे माझ्यापाशी राहणार, असं मी खरोखर धरून चालले होते.

७

तो दिवस कामाचा होता. सकाळपासून एकामागून एक मीटिंग. अण्णांनी लवकर जेवून घेतलं आणि मला खूण करून झोपायला गेले. मी मधूनमधून कोपऱ्यात बघत होते. हिरवी चालली होती. भोंगा वाजला नाही.

उन्हं उतरल्यावर काम संपलं. अण्णा अजून उठले नव्हते. मी पडद्यावर नीट बघितलं, तर दोन्ही रेघा एका तालात चालल्या होत्या.

आधी वाटलं, माझ्याकडून वायरी चुकल्या. खोट्या ओळी खऱ्या रेघेला जोडल्या गेल्या असतील. सगळं तपासलं. चूक नव्हती. हिरवी रेघ अण्णांच्या गादीखालच्या पट्टीवरूनच येत होती. तीन श्वास घाईचे. मग एक लांबलचक. आणि पुन्हा संथ.

मी खोलीत गेले. अण्णा उताणे पडले होते, छाती वर-खाली होत होती. मला इतका आनंद झाला, की मी वेडी, उगाच घाबरले, असं मोठ्याने म्हणाले. मग त्यांच्या हाताला हात लावला.

हात फरशीसारखा गार होता. बोटं वळेनात. मी त्यांच्या तोंडापाशी तळवा धरला, तर हवा येत होती, पण तिला ऊब नव्हती. छाती वर जात होती, खाली येत होती, आणि बाकीचे अण्णा तिच्याबरोबर नव्हते. उबळ आली. तीन घाईचे. एक लांबलचक. त्या गार शरीराला कोणीतरी माझी ती दुपार करायला लावत होतं, आणि ती संपली की पुन्हा पहिल्यापासून.

मी डॉक्टरांना फोन केला, काय बोलले आठवत नाही. पुन्हा खाटेशी आले तेव्हा अण्णांचे डोळे उघडे होते. ते हळूहळू, जड वस्तू ढकलावी तसे, माझ्याकडे वळले. माझ्या बापाला मी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. ते आत होते. त्यांना सगळं कळत होतं, आणि बाहेर पडायला वाट नव्हती, कारण मी ओळ पाठवत नव्हते.

"अण्णा, मी करते," मी म्हणाले. "करते हं."

मी खुर्चीत येऊन बसले. खोट्या श्वासांची स्क्रिप्ट थांबवली असती तर ते नुसतं वाट बघत राहिलं असतं. ओळच पाठवायला हवी होती. मी 'थांबला' लिहिलं आणि बोट बटणावर ठेवून बसले. भिंतीपलीकडून श्वास ऐकू येत होता. आणखी एकदा ऐकू दे, म्हटलं. एकदा ऐकला. मग आणखी एकदा ऐकला. मग मला त्यांचे डोळे आठवले, आणि मी ओळ पाठवली.

ती उचलली गेली. तो पत्ता पहिल्यांदाच आपणहून निघून गेला. पलीकडची खोली शांत झाली.

डॉक्टर आले. त्यांनी मनगट धरलं, नळी छातीला लावली, हाताची बोटं सरळ करून बघितली. मग माझ्याकडे वळून विचारलं, श्वास कधी थांबला?

"आत्ताच," मी म्हणाले. "मी पाठवलं तेव्हा."

त्यांना वाटलं, धक्क्याने बरळतेय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं, की शरीर आखडलंय, म्हणजे दुपारी झोपल्या झोपल्याच गेले असणार, तुम्ही काही करू शकला नसता. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "एक गोष्ट बरी झाली. त्यांना काहीच कळलं नाही."

मी मान हलवली. अण्णा अजून माझ्याकडेच बघत होते. डॉक्टरांनी त्यांचे डोळे मिटायचा प्रयत्न केला, पण ते मिटेनात.